दहा मिनिटांत कुणाचं काउन्सेलिंग होत नसतं

आज ऑफिसात एक सीनियर गृहस्थ सगळ्यांसमोर सांगत होते, "त्या नव्या मुलाचं दहा मिनिटांत काउन्सेलिंग करून टाकलं." आणि मग त्याच्या घरी काय चाललंय, तो कशामुळे रडला, सगळं भडाभडा. मुलगा दोन टेबलं सोडून मान खाली घालून बसला होता, बोटाने कीबोर्डवरची धूळ पुसत. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

काउन्सेलिंग म्हणे! चार उपदेश करायचे आणि वर गावभर सांगत सुटायचं?

बाबा गेल्यावर मी समुपदेशनाला जात होतो. तिसऱ्या भेटीत हॉस्पिटलातल्या शेवटच्या रात्रीचं सांगायला लागलो, तर बाई मध्येच झोप लागण्यासाठी काय करावं ते सांगू लागल्या. मी गप्प झालो. "करून बघतो" म्हणून निघालो. पुढच्या वेळी जायचंच नव्हतं, तरी गेलो. बसतोय तोच त्यांनी पेनाला टोपण लावलं, वही बाजूला ठेवली. म्हणाल्या, "गेल्या वेळी तुम्ही त्या रात्रीचं सांगत होतात आणि मी तुम्हाला तोडलं. माझं चुकलं."

तोवर मी तिथे एकदाही रडलो नव्हतो.

कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५७ साली माणसात बदल घडायला लागणाऱ्या सहा अटी मांडल्या. आहे तसं स्वीकारणं, त्याच्या बाजूने समजून घेणं, स्वतः मुखवटा न घालणं. सल्ला देणं त्या सहांत नाही. आणि शेवटची अट अशी, की हे सगळं समोरच्यापर्यंत थोडं तरी पोचलं पाहिजे. बाईंना माझी कळकळ तिसऱ्या भेटीतही असणारच. माझ्यापर्यंत ती पोचली टोपण लावलं तेव्हा.

मान्य, कधी कधी सल्लाही लागतो. आणि जिवाला धोका असेल तर गुप्तता मोडावीच लागते. पण ते पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगतात, मलाही सांगितलं होतं. आजच्यात तसलं काहीच नव्हतं. नुसती फुशारकी.

त्या गृहस्थांच्या मनात वाईट नसेलही. मुलाला बरं वाटावं असंच वाटलं असेल. पण त्याने विश्वासाने सांगितलेलं ते त्यांचं झालं कधी?

संध्याकाळी निघताना मुलापाशी थांबलो. काय बोलावं सुचेना. "मघाशी मी त्यांना तिथेच थांबवायला हवं होतं. चुकलं माझं," एवढंच म्हणालो.

"ठीक आहे सर," म्हणाला. कसलं ठीक! उद्या आल्या आल्या आधी त्यांच्या केबिनमध्ये जाणार आहे.