'पाच मिनिटांत स्प्रिंग रिव्हर्ब दुरुस्त' म्हणे!

जुना ट्यूबवाला (काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) स्प्रिंग रिव्हर्ब, म्हणजे स्प्रिंगांच्या थरथरीतून गिटारच्या आवाजाला घुमारा देणारं यंत्र, बंद पडला तर घरच्या घरी पाच मिनिटांत कसा चालू करायचा, असा एक मेसेज गिटारवाल्यांमध्ये फिरतोय. मी सोडूनच देणार होतो, पण भाच्याने तोच पाठवून विचारलं, "मामा, उघडू का?" आणि त्याच्याकडे आहे फेंडर कंपनीचं ६जी१५ रिव्हर्ब युनिट, म्हणजे १९६१ ला आलेलं डिझाइन, आत ट्यूब. म्हणून त्या मेसेजमधलं एकेक वाक्य घेऊन लिहितोय.

"प्लग काढला की आत हात घालायला हरकत नाही." डोकं फिरलं ते इथे. फिल्टर कपॅसिटर म्हणजे वीज साठवणारा भाग, त्यातला चार्ज प्लग काढल्याबरोबर पळून जात नाही, ट्यूब युनिटमध्ये तो शेकडो व्होल्टचा असतो, आणि तो आपोआप उतरवणारा रेझिस्टर जुन्या युनिटमध्ये असेलच, असला तर धड असेलच, असं काही नाही. आधी मीटर डीसीवर ठेवून मोजा, व्होल्टेज दिसलं तर इन्सुलेटेड क्लिप लावलेल्या १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरमधून चॅसिसला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, उतरवा, परत मोजा, शून्याजवळ आलं तरच हात. स्क्रूड्रायव्हरने ठिणग्या पाडायचं शौर्य नको. हे कधी केलं नसेल तर चॅसिस उघडूच नका, जाणकाराकडे द्या. नुसता टँक, म्हणजे स्प्रिंगांचा डबा, काढायला चॅसिस उघडावी लागत नाही, युनिट बंद करून दोन आरसीए प्लग उपसायचे, बास.

"मीटरवर ८ ओहम दिसले नाहीत तर कॉइल जळाली." यापायी किती चांगले टँक भंगारात गेले असतील! ते ८ ओहम म्हणजे टँकच्या इनपुट कॉइलचा १ किलोहर्ट्झला मोजलेला इम्पिडन्स (एसी सिग्नलला होणारा विरोध), आपलं मीटर मोजतं डीसी. टँक बनवणाऱ्या अॅक्युट्रॉनिक्सच्या तक्त्यात सरळ दिलंय: ८ ओहमच्या इनपुट कॉइलचा डीसी रेझिस्टन्स साधारण ०.८ ओहम, २२५० ओहमच्या आउटपुटचा साधारण २००. मीटर काहीच दाखवत नसेल तर तार तुटलीय, आणि तीही बऱ्याचदा कॉइलपासून जॅककडे जाणारी केसासारखी बारीक तार. हलक्या हाताने सोल्डर केली की टँक जिवंत.

"स्प्रिंगवर तेल मारा, सैल वाटल्या तर ताणा." अरे दाराचं बिजागर आहे का ते? तेलाने धूळ चिकटते आणि स्प्रिंगची थरथर दबते. आणि दोन स्प्रिंगांमधून आवाज पोचायला लागणारा उशीर मुद्दाम वेगळा ठेवलेला असतो, ताणून तुम्ही तोच बिघडवणार.

"सगळे कपॅसिटर बदला." हे अर्धं खरंय, मानावंच लागेल. जुने इलेक्ट्रोलिटिक सुकतात, मग हम (घूं असा आवाज) येतो. पण रिव्हर्ब पूर्ण गप्प असेल तर आधी युनिट चालू ठेवून टँकला बाहेरून हलकी टिचकी मारा. धडाड्‌ आवाज आला तर आउटपुटकडची बाजू ठीक आहे, दोष इनपुटकडे शोधा, म्हणजे ड्रायव्हर ट्यूब (टँकला सिग्नल देणारी), केबल, नाहीतर इनपुट कॉइल. सरसकट सगळे बदलून काय मिळणार?

"कुठलाही टँक चालतो." नाही चालत. ६जी१५ ला ४एबी३सी१बी या कोडचा टँक लागतो, त्यातला पहिला 'ए' म्हणजे ८ ओहम इनपुट. तिथे 'एफ', म्हणजे १४७५ ओहमवाला लावलात तर मापात बसेल, प्लगही बसतील, आणि रिव्हर्ब इतका बारीक येईल की तुम्ही परत तेलाची बाटली शोधाल.