एक मूल, दोन घरं आणि ३६५ रात्री

अभिनंदन. भांडी वाटून झाली. मिक्सर एकीकडे गेला, टीव्ही दुसरीकडे, आणि तिसरीतली लेक दोघांकडे थोडी थोडी. आता राहिला फक्त तिच्या खर्चाचा हिशेब. हा सल्ला मी दोघांनाही देतोय, अर्थात वेगवेगळ्या खोल्यांत बसवून.

सुरुवात रात्री मोजण्यापासून करा. मूल दिवसा कुठेही असो, झोपलं कुठे ते महत्त्वाचं. विलायतेत हे शास्त्र फार पुढे गेलं आहे. तिथल्या सरकारी कोष्टकात मूल वर्षातून ५२ रात्री बापाकडे झोपलं की पोटगीचा सातवा हिस्सा कमी होतो. ५१ रात्री झोपलं तर काहीच नाही. म्हणजे बावन्नाव्या रात्री पोराला ताप भरला, तर आधी थर्मामीटर काढायचा की कॅलेंडर, हे ज्याचं त्याने ठरवावं. आपल्याकडे असं कोष्टक नाही. कोर्टाच्या बाकावर शेजारी बसलेला माणूस '२५ टक्के' असं ठामपणे सांगेल, पण तो आकडा २०१७च्या एका निकालातला. नवऱ्याच्या हाती पडणाऱ्या पगाराचा. मूल आठवड्याचे तीन दिवस इथे आणि चार दिवस तिथे, यावर तो काही बोलत नाही. घाबरू नका. कोष्टक नसलं की भांडायला मोकळं मैदान मिळतं.

बाबांसाठी. एक आड एक शनिवार-रविवार धरले तर ५२ रात्री, दिवाळी आणि मे महिन्याच्या निम्म्या सुट्टीच्या तीसेक. झाल्या ८२. वर्षाचे साडेबावीस टक्के. तेव्हा तेवढे टक्के पोटगी कमी करा, असा अर्ज लगेच टाका. त्या ८२ रात्रींची शाळेची फी शाळा परत देते का, व्हॅनवाले काका मे महिन्याचे पैसे सोडतात का, असले प्रश्न विचारणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. उत्पन्नाचं म्हणाल, तर शपथपत्र भरायच्या आधी पगार थोडा आजारी पाडा. पीएफमध्ये जास्तीचे पैसे वळवा, नवी गाडी हप्त्यावर घ्या. न्यायाधीश सहसा कर आणि सक्तीच्या कपाती तेवढ्याच मानतात आणि गाडीच्या हप्त्याकडे चष्म्यावरून बघतात, पण गाडी तर आली ना दारात.

आईंसाठी. घरभाडं सगळं लेकीच्या रकान्यात घाला. स्वयंपाकाच्या मावशी, वायफाय आणि तुमचा जिमही. तिथे ट्रेडमिलवर तुम्ही लेकीचाच तर विचार करत असता. तुमच्या पगाराची स्लिप मात्र सापडत नाही म्हणून सांगा. २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंना मिळकत आणि देणी उघड करणारं शपथपत्र सक्तीचं केलं, ही गोष्ट तुमच्या वकिलांना माहीत आहे. समोरच्याच्या वकिलांनाही आहे, एवढंच.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. एखाद्या रविवारी वहीचं एक पान घेऊन बसू नका. कारण ते धोकादायकरीत्या सोपं आहे. त्याचा पगार ६० हजार, तिचा ४० हजार. मुलीचा दोन्ही घरांतला मिळून खर्च २५ हजार. मग त्याचा वाटा १५, तिचा १०. त्यातला जो ज्याने आधीच केला तो वजा, उरलेला दुसऱ्याला द्यायचा. १९५६चा दत्तक आणि पोटगीचा कायदाही हिंदू आई-बाप दोघांवर मुलाची जबाबदारी टाकतो, आणि दोघंही कमावत असतील तर शिक्षणाचा खर्च उत्पन्नाच्या प्रमाणात वाटता येईल, असं वरच्या रजनेश-नेहा निकालातही आहे. पण अर्ध्या पानात संपणाऱ्या हिशेबाला कोण विचारतं? तारीख नाही, वकीलपत्र नाही, रजा टाकायला कारण नाही.

त्यापेक्षा वेळ काढा. अंतरिम पोटगीचा अर्ज शक्यतो नोटिशीपासून ६० दिवसांत निकाली काढावा, असं हिंदू विवाह कायदा म्हणतो. 'शक्यतो' हा शब्द आपल्या कायद्यातला सर्वांत कष्टाळू शब्द आहे. रजनेश-नेहा प्रकरणात नागपूरच्या कुटुंब न्यायालयात अर्ज झाला २०१३मध्ये, अंतरिम आदेश आला २०१५मध्ये, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०२०मध्ये. मुलाला आधी महिना ५ हजार आणि पुढे १० हजार ठरले होते. त्याच निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची असं ठरवून टाकलं, त्यामुळे लांबवलेली रक्कम बुडत नाही, साचते. तेवढी एक गैरसोय झाली खरी.

बारीकसारीक खर्चाला खरी कला लागते. माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांना लेकीच्या ३४९ रुपयांच्या सँडलचं निम्मं बिल आलं. त्यांनी १७४ रुपये ५० पैसे यूपीआयने पाठवले आणि शेऱ्यात लिहिलं, 'फक्त डावा पाय'. पुढच्या खेपेला पोरगी त्यांच्याकडे आली ती जुन्या चपला घालून. नवे सँडल 'त्या घरचे' होते. मग त्यांनी दुसरा जोड घेतला, आता दोन्ही पायांचा. निम्म्या-निम्म्या ताब्यात खर्च निम्मा होत नाही, दुप्पट होतो, हे त्यांना त्या दुकानात कळलं: दोन पलंग, दोन टेबलं, दोन कंपासपेट्या. परिसर अभ्यासाची वही तेवढी एकच असते, आणि ती सोमवारी सकाळी नेहमी दुसऱ्या घरी असते. ती आणायच्या रिक्षाचे १४० रुपये कोणाच्या खात्यावर टाकायचे, यावर त्या दोघांची सात मेसेजेसची देवाणघेवाण झाली. तोवर शाळेची घंटा झाली होती.

राहता राहिली ३६५वी रात्र. १८२ अधिक १८२ म्हणजे ३६४, एक उरतेच. २०२८ हे लीप वर्ष, तेव्हा १८३-१८३ असा निकाल लागेल. तोवर ती एक रात्र आजीकडे ठेवा, दोघांच्याही खात्यावर नको. फक्त जपून. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आई-वडिलांनाही मुलांकडून पोटगी मागता येते, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५खाली यायची, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४खाली. तेव्हा पोरीला आणायला जाल, त्या दिवशी आजीकडून थालीपिठाची पावती घेऊनच निघा.