आकडा ठीक आहे, तारीख सांगा

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सारथी या मराठा-कुणबी समाजासाठीच्या सरकारी संस्थेच्या पीएचडी फेलोशिपचा विषय निघाला, तेव्हा त्यावेळचे उपमुख्यमंत्री अजित पवार म्हणाले होते, पीएचडी करून काय दिवे लावणार? आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यावरून अजून जुंपते.

मी जर्मनीत ब्रेमेनमध्ये समुद्री सूक्ष्मजीवांवर पीएचडी करतेय. काटोलचे मामा विचारतात, "समुद्राचं अन् आपलं काय काम वं?" त्यांच्या संत्र्याचा मृग बहार ज्या पावसावर धरतो, तो समुद्रावरूनच येतो. शिवाय पृथ्वीवरचं जवळपास निम्मं प्रकाशसंश्लेषण समुद्रातले हे बारके जीव करतात. पाणी तापलं की त्यांची वाढ कशी बदलते, ते मी मोजते.

मोजणं मोठं चिकट काम. डायटम म्हणजे एक सूक्ष्म शैवाल; त्याचं कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली खेप, वाढीव तापमानात ठेवलं की लगेच आकडे घेऊन चालत नाही. काही पिढ्या सवय होऊ द्यावी लागते. ते दाट व्हायच्या आत ताज्या पोषक द्रावणात हलवायचं, रविवार असो की लक्ष्मीपूजन. एक खेप मेली की पुन्हा श्रीगणेशा. नागपुरातल्या माझ्या मैत्रिणीची फेलोशिप महिनोन्महिने रखडली, तिने शिकवण्या धरल्या. कल्चर कोण सांभाळणार?

इथे पीएचडी करणारा बहुधा नोकरदारच असतो. करार, विमा, रजा, महिनाअखेर पगार. म्हणून सगळं गोडच आहे असंही नाही. पगार पुष्कळदा ६५ टक्के नोकरीचा, राबायचं मात्र पूर्णवेळ. तात्पुरत्या करारांना कंटाळून २०२१ मध्ये इथल्या संशोधकांनी 'इश बिन हाना' (मी हाना; हाना ही सरकारी व्हिडिओतली काल्पनिक संशोधिका) म्हणत समाजमाध्यमं दणाणून सोडली होती.

आपल्याकडे केंद्राची ज्युनिअर रिसर्च फेलोशिप २०२३ पासून ३७,००० रुपये आहे. नागपुरात एकट्या जिवाला वाईट नाही. पण ग्रुपवर भांडण जागा किती अन् कुणाला यावरच. पैसे कोणत्या तारखेला येतात, हे कुणी विचारत नाही.

या विषयाच्या अभ्यासाला समुद्रकिनारा लागतोच असंही नाही. समुद्राचं पाणी क्षार मोजून प्रयोगशाळेत बनवता येतं, जीव कल्चर-संग्रहातून मागवता येतात. १९५८ पासून नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था नागपुरातच आहे, म्हणजे पर्यावरणावर काम करणारी माणसंही आहेत. मामांना हे पटलं. आता ते विचारतात, मग परत काहून येत नाहीस? त्यांना म्हटलं, पगाराची तारीख कळवा, तिकीट काढते.