खुलासा : स्विमिंग पूलमधून आलेलं स्कूबा डायव्हिंगचं सामानही धुवावंच लागतं

वडोदऱ्यात व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय : ‘मालवणहून आल्यावर सामान धुवा; इथल्या पूलमध्ये मीठ नसतं, टॉवेलने पुसलं की झालं.’ हे चुकीचं आहे. पूलमध्ये मीठ नसलं तरी क्लोरीन असतं. त्याने वेटसूटचं (डायव्हिंगच्या अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखाचं) निओप्रीन रबर कडक होतं, रंग उडतो, बीसीडीची (हवा भरून तरंगण्यासाठी घालायच्या जॅकेटची) शिवण आणि आतली पिशवी कमजोर होते.

सामान नळाच्या गोड पाण्यात बुडवा. बोअरचं पाणी जड असेल तर सुकल्यावर पांढरा थर राहतो, म्हणून शक्यतो टाळा. रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वासासाठी देणारं उपकरण) भिजवण्याआधी फर्स्ट स्टेजची, म्हणजे सिलिंडरला जोडायच्या भागाची, डस्ट कॅप पुसून, कोरडी करून घट्ट बसवा. सिलिंडरला जोडलेला नसताना सेकंड स्टेजचं, म्हणजे तोंडात धरायच्या भागाचं, पर्ज बटण पाण्यात दाबू नका. दाबलं की झडप उघडते, पाणी होजमधून थेट फर्स्ट स्टेजमध्ये जातं आणि आत गंज धरतो. सगळ्यात जास्त नुकसान या एका बोटाने होतं.

बीसीडीत इन्फ्लेटरच्या (हवा भरायच्या नळीच्या) तोंडातून साधारण लिटरभर पाणी घाला, खळखळवा, उलटं धरून काढा. मग थोडी हवा भरून सावलीत टांगा.

मेसेजमध्ये सामानावर सिलिकॉन स्प्रे मारायचा सल्लाही आहे; तोही सोडून द्या. त्याने मास्कचं सिलिकॉन बिघडू शकतं.

आणि सामान माळ्यावर टाकू नका. मे महिन्यात तिथे भट्टी असते, रबर तडकतं. वेटसूट रुंद हँगरवर, घडी न घालता. सिलिंडर पूर्ण रिकामा न करता थोडा दाब ठेवून, उभा.