वद्य अष्टमीचा मधुचंद्र

"आणि तुम्हाला यात किती सुटतात?"

साडेतीन तास फुकट घसा कोरडा केल्यावर परवाच्या रविवारी डोंबिवलीच्या एका दिवाणखान्यात मला हा प्रश्न विचारण्यात आला. विचारणाऱ्या बाई म्हणजे नवऱ्यामुलीच्या आत्या. हातात त्यांनीच आग्रहाने दिलेली पोह्यांची दुसरी बशी होती, त्यामुळे ताडकन उठून जायचीही सोय नव्हती. तोंडात पोहे असताना माणसाला बाणेदार होता येत नाही.

कुणी नाणी जमवतं, कुणी काड्यापेट्या. मी बेटांची माहिती जमवतो. कुठे वारा कधी फिरतो, कुठली बोट कधी बंद असते, कुठला कर कधी वाढला. लग्नात डॉक्टर भेटला की लोक पंगतीतच गुडघा पुढे करतात, तसा कुणाचं लग्न ठरलं की मला फोन येतो. यात सुटत काही नाही. सुटलीच तर रविवारची दुपार सुटते.

नवरदेवाने मोबाइलवर पाच फोटो काढून ठेवले होते: मालदीव, मॉरिशस, बाली, लक्षद्वीप, अंदमान. पाचही फोटोंत निळं पाणी आणि एकाच कोनात कललेला माड. नवरदेव झुपकेदार मिशीचा, गंभीर मुलगा. "काका, यातलं बेस्ट कुठलं?" मी विचारलं, लग्न कधी? म्हणाला, फेब्रुवारीत. म्हणजे निम्मं काम झालं. बेट फोटोवरून निवडायचं नसतं, महिन्यावरून निवडायचं असतं, आणि महिना फोटोत दिसत नाही.

फेब्रुवारीत मॉरिशस म्हणजे चक्रीवादळांचा मोसम. विषुववृत्ताच्या खाली असल्यामुळे त्यांचा उन्हाळा-पावसाळा आपल्या उलटा. वादळ येईलच असं नाही, पण आलं तर हॉटेलात दारं लावून बसायचं आणि विमानं बंद. खरं तर मराठी माणसाला तिथे परकं वाटू नये. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी ऊसमळ्यांवर गेलेल्यांची मराठी घरं तिथे आहेत, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. व्हिसाची कटकट नाही. पण जायचं ते मे ते डिसेंबर. त्यातही जून ते ऑगस्ट पूर्व किनाऱ्यावर खोली घेतलीत तर वारा अंगावरची शाल उडवतो.

बालीत फेब्रुवारी म्हणजे भर पावसाळा. पश्चिमेचा वारा सुटतो आणि कुटा-सेमिन्याकच्या वाळूवर समुद्रातलं प्लॅस्टिक आणून टाकतो. शिवाय तिथला समुद्र लाटांचा. फोटोतल्यासारखं निवांत निळं पाणी हवं तर किनाऱ्यापुढे प्रवाळाची भिंत लागते, लाटा तिच्यावर फुटून आत नुसतं पाणी उरतं. बालीबद्दल आणखी एक गोष्ट मी उगाचच सांगितली. त्यांचंही शकाचंच वर्ष. वर्षाच्या पहिल्या दिवशी, न्येपीला, अख्खं बेट चोवीस तास बंद: विमानतळ बंद, दिवे बंद, पर्यटकाने हॉटेलबाहेर पाऊल टाकायचं नाही. 2025 साली न्येपी 29 मार्चला होती आणि आपला पाडवा 30 मार्चला. इथे आत्याबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. तोवर त्या मटार सोलत होत्या.

"नव्या वर्षाला घरात बसायचं? आणि गुढी कोण उभारतं?"

गुढी नसते, म्हटलं. त्यांनी मटाराची एक शेंग अशी काही फोडली की बाली बाद झालंच.

मालदीवला मात्र फेब्रुवारी उत्तम. डिसेंबर ते एप्रिल कोरडा मोसम, पाणी शांत, व्हिसा पोचल्यावर फुकट. नवरीचे डोळे चमकले. तिला पाण्यावरची खोली हवी होती, काचेच्या जमिनीची. मी रंगात येऊन सांगायला लागलो की, खाली दिवा लावतात, रात्री मासे दिसतात.

"म्हणजे खोलीच्या खाली मासे," आत्याबाई म्हणाल्या.

"हो."

"आणि हे वरून माशांना बघणार."

"हो."

"आणि मासे काय डोळे मिटून बसतात?"

नवरदेवाची मिशी थरथरली. मी म्हटलं, आत्याबाई, माशांना त्यात रस नसतो. त्या म्हणाल्या, "तुम्ही विचारलंत?" आणि मग गाडी जी सुटली ती थांबेना. पाण्यावर खोली, तर संडासाचं पाणी जातं कुठे? मी सांगितलं, लाकडी पुलाच्या पोटाखालून नळ असतात, पंपाने बेटावर नेतात आणि तिथे सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र असतं. "आणि वीज गेली की?" जनरेटर असतो, बेटाची वीज बेटावरच तयार होते. "आणि तो बंद पडला की?" मी गप्प. "म्हणजे मासे खालून बघणार आणि वर हा प्रकार," असं म्हणून त्यांनी मटाराची टोपली दुसऱ्या मांडीवर घेतली.

मी विषय बदलायला कागदावर हिशेब मांडला. ही माझी घोडचूक. रिसॉर्टच्या दरापुढे दोन अधिकची चिन्हं असतात, लोक ती बघतच नाहीत. खोली रात्रीला 400 डॉलर धरा. त्यावर 10 टक्के सेवाशुल्क, झाले 440. त्या 440 वर, म्हणजे शुल्कावरही, 17 टक्के जीएसटी, झाले 514.80. वर माणशी रोज 12 डॉलर हरित कर, दोघांचे 24. एकूण 538.80. हा हरित कर 2025 च्या जानेवारीत 6 चा 12 झाला आणि जीएसटी त्याच वर्षी जुलैत 16 चा 17, त्यामुळे मित्राने तीन वर्षांपूर्वी दिलेला आकडा धरून बसू नये. आणि हे सगळं बेटावर पोचल्यावरचं. पोचायला सीप्लेन, त्याचे जाऊन-येऊन माणशी चारशे-सहाशे डॉलर सहज. सीप्लेन फक्त उजेडात उडतं. आपलं विमान दुपारी साडेतीननंतर मालेला उतरलं की ती रात्र मालेतच, पदरच्या पैशाने. सामान माणशी 20 किलो आणि हातातलं 5. लग्नाच्या बॅगेला ते कुठलं पुरतंय.

"आमच्या गुहागरात खोलीवाला अधिकची चिन्हं लिहीत नाही," आत्याबाई म्हणाल्या. "तो आधीच अधिक सांगतो."

त्यांना मुळात काळजी होती अन्नपूर्णेची. ही मंडळी हॉलवरून परस्पर विमानतळावर जाणार, तेव्हा लग्नात दिलेली अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण नवरीच्या पर्समध्येच राहणार. सांगायला जिवावर आलं, पण मालदीवच्या कस्टम्सला पूजेच्या मूर्ती चालत नाहीत. दारूही नाही, डुकराचं मांसही नाही. ड्यूटीफ्रीची बाटली ते ठेवून घेतात आणि परतताना देतात. आत्याबाई माझ्याकडे अशा बघत राहिल्या, जणू मालदीवचा कायदा मी केला. "दारूच्या रांगेत बाळकृष्ण," एवढंच म्हणाल्या. मालदीव गेलं. मी अजून सांगितलंही नव्हतं की दुधाळ निळ्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीआतल्या उथळ पाण्यात, तळाला नुसती वाळू असते, मासे बघायचे तर खोलीपासून पोहत जाण्याइतक्या अंतरावर प्रवाळाची कड लागते, आणि ही दोन्ही सुखं एका बेटावर क्वचितच मिळतात.

मध्येच कळलं की नवरदेवाने हौसेने एक तिकीट नवरीच्या सासरच्या नावाने काढायचं ठरवलं होतं. पासपोर्टावर माहेरचं नाव आणि तिकिटावर सासरचं, म्हणजे काउंटरवरूनच परत. पासपोर्ट बदलायची काही सक्ती नाही, तिकीट तेवढं पासपोर्टाप्रमाणे काढायचं. "पण तांदळात लिहिणार ना नाव?" आत्याबाई. तांदूळ इमिग्रेशनला दाखवता येत नाहीत, म्हटलं. हसलं कुणीच नाही.

लक्षद्वीप मी दोन मिनिटांत संपवलं. पाणी मालदीवचंच, पण प्रवेश परवाना आधी लागतो, कोचीहून अगत्तीला विमानं लहान आणि मोजकी, खोल्या त्याहून मोजक्या. जहाजाने गेलं तर चौदा-पंधरा तासांच्या पुढेच. सहा महिने आधी हलणाऱ्यांचं ते काम.

उरलं अंदमान. परवाना नको, डॉलर नकोत, बाळकृष्णाला कुणी हात लावणार नाही. वर सेल्युलर जेल, त्यामुळे नवरीचे वडीलही खूश. हनिमूनला तुरुंग बघायला जाणारे आपणच. फेब्रुवारीत समुद्र शांत असतो. पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 पासून श्री विजयपुरम आणि हॅवलॉकचं 2018 पासून स्वराज द्वीप, पण बोटीवाले अजून हॅवलॉकच म्हणतात. सूर्य लवकर मावळतो, कारण बेटं 93 रेखांशाला आणि घड्याळ उरलेल्या भारताचं, साडेब्याऐंशी रेखांशाचं. हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर सूर्यास्त साडेपाचच्या सुमाराला. जेट्टीपासून ते बारा किलोमीटरवर आहे, दुपारच्या झोपेतून पाचला उठलात तर अंधाराचा फोटो मिळेल.

नवरी म्हणाली, तिथे रात्री वल्हं मारलं की पाणी चमकतं म्हणे. हो, म्हटलं. पाण्यातले सूक्ष्म जीव, हलवलं की निळसर उजेड देतात, खारफुटीतून कयाकने नेतात. अट एकच, चंद्र नको. अमावस्येच्या आसपासची रात्र सगळ्यात चांगली.

मटार थांबले.

"अमावस्या," आत्याबाई म्हणाल्या.

"आसपास," मी.

"नवी नवरी. ओली हळद. अमावस्या. रात्र. पाणी. आणि झाडी."

"खारफुटी."

"झाडीच ती."

मग म्हणाल्या, "बरं, अमावस्येला उधाण असतं, ते तरी ठाऊक आहे का?" आता ठाऊक होतंच की. अमावस्या-पौर्णिमेला भरती मोठी तशी ओहोटीही मोठी. शहीद द्वीपला, म्हणजे नीलला, अशा दिवशी पाणी इतकं मागे जातं की समोर उरतो उघडा खडक. आणि तिथला तो प्रसिद्ध दगडी पूल बघायचा तर ओहोटीच लागते, उलट तिथल्याच भरतपूर किनाऱ्यावर काचेच्या तळाची होडी हवी तर पाणी. एकाच बेटावर एक गोष्ट ओहोटीची, दुसरी भरतीची. लोक ड्रायव्हरला शिव्या देतात. मी म्हटलं, भरतीचा तक्ता बघून दिवस ठरवू, आणि मोबाइल काढला.

आत्याबाईंनी तोवर बोटांची पेरं मोजली. "तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीन वाजता भरती, अष्टमीला सहा." ते आपल्या किनाऱ्याचं, म्हटलं, तिथली वेळ वेगळी. "वेळ वेगळी. पण चंद्र एकच ना?" भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणायला लावलं. "उधाण नको, तर भांग हवा, म्हणजे भरतीही लहान आणि ओहोटीही लहान. भांग अष्टमीला लागतो, त्याच्या पुढे एक-दोन दिवस चांगला. शुद्ध अष्टमी नको, संध्याकाळी चंद्र डोक्यावर असतो. वद्य अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीला उगवतो. आठ वाजता काळोखच. हिचे ते किडे चमकतील. अमावस्या पण नाही. वद्य अष्टमी ते दशमी तिथे राहा, एकादशीला निघा."

मी खाली बघितलं. पोहे गार झाले होते. पंधरा वर्षं मी बेटांबद्दल वाचतोय, दर वेळी "अमावस्येच्या आसपास" असंच सांगत आलोय, आणि भांगाची भरती व काळोखी संध्याकाळ एकाच तिथीला जुळतात हे मला कधी सुचलं नव्हतं. बरोबर होतं. काडीचीही चूक नव्हती. मी एवढंच जोडलं की स्कूबा नवमीलाच उरकून घ्या, शेवटच्या डुबकीनंतर विमानात बसायला 18 तास जाऊ द्यावे लागतात, रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला. आणि परतीची बोट विमानाच्या आदल्या दिवशीची घ्या, समुद्र खवळला की बोट रद्द होते, विमान थांबत नाही. हिरवा चुडा काढून हॉटेलात ठेवा, लाइफ जॅकेटच्या पट्ट्यात अडकून काचा होतात. आणि मेलेलं प्रवाळ, शिंपले पिशवीत घालून आणू नका, विमानतळावर काढून घेतात.

हे सगळं नवरदेव लिहून घेत होता. आत्याबाईंनी मटाराची टोपली खाली ठेवली, पदराला हात पुसले, आणि तेव्हा तो प्रश्न आला.

मी म्हटलं, काही नाही सुटत. "असं कसं," त्या म्हणाल्या, "एवढं पाठ कोण फुकट करतं?" खोलीत कुणीही "अहो आत्या" म्हटलं नाही. नवरीसुद्धा नाही. मला त्याचंच जास्त लागलं.

काल नवरदेवाचा मेसेज आला. आत्यांनी सांगितल्याप्रमाणे सगळं ठरलं, आत्यांना समुद्राची फारच माहिती आहे नाही का, आणि तुम्ही फक्त बोटीची तिकिटं काढून द्याल का, दोघांची ओळखपत्रं पाठवतोय. काढून दिली. नाव पासपोर्टातलंच घातलं. हातचे पैसे भरले, ते अजून आलेले नाहीत.

फोटोत त्याची मिशी स्पष्ट दिसते. स्नॉर्केलचा मास्क नाकाखाली, वरच्या ओठावर बसतो आणि तिथे केस असले की सिलिकॉनची कड चिकटत नाही. दर दोन मिनिटांनी खारं पाणी नाकात. उपाय सोपा आहे, नाकाच्या लगेच खाली करंगळीच्या नखाइतकी पट्टी साफ करायची, नाहीतर मिशीला थोडं सिलिकॉन ग्रीस लावायचं. हे मी तुम्हाला सांगतोय. त्याला सांगितलेलं नाही.