कायदा आहे, पण बहिणीची सही कोण घेतं?

गोव्यातल्या मराठी गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. गोव्यात पोर्तुगीज काळापासून सगळ्यांना एकच कायदा आहे, बायकोला अर्धी मालमत्ता आणि मुलीला भावाइतका वाटा आपोआप मिळतो. तेव्हा स्त्री-पुरुष समानता शिकवणाऱ्यांची, त्यावर संशोधन करणाऱ्यांची इथे गरजच काय, असं त्यात म्हटलेलं असतं. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. माझे विद्यार्थीच मला हा मजकूर पाठवतात, म्हणून उत्तर देते.

त्यात खरं आहे ते आधी सांगते. 1867ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870पासून इथे लागू झाली. वेगळा करार न करता लग्न झालं, तर मालमत्ता दोघांची. बायकोच्या सहीशिवाय घर-जमीन विकता येत नाही. मृत्युपत्र करूनही बापाला मुलीला पूर्ण डावलता येत नाही, कारण निम्मी इस्टेट मुलाबाळांसाठी राखीव असते. इतरत्र, काही राज्यं सोडली तर, हिंदू मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत भावासारखा जन्मसिद्ध हक्क मिळायला 2005 उजाडलं. गोव्याच्या या वारशाचा मला अभिमान आहे.

पण 'सगळ्यांना एकच' हे खरं नाही. बायकोला पंचविशीपर्यंत मूल झालं नाही, किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही, तर काही अटींवर हिंदू पुरुषाला दुसऱ्या लग्नाची मुभा 1880च्या हुकुमाने दिली. सामायिक मालमत्तेचा कारभार संहितेनं नवऱ्याकडे सोपवला. कोमुनिदाद म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणारी जुनी संस्था; तिचं गावकारपण, म्हणजे सभासदत्व, तर बापाकडून मुलाकडेच जात आलं.

आता 'आपोआप'. माझ्या एका विद्यार्थिनीच्या आईनं माहेरच्या वाट्यावरचा हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. मुलगी मला सांगत होती, "आईला कुणी धमकावलं नाही, मॅडम. मामानं गाडी पाठवली, वाटेत चहा पाजला. आई गेल्या चवथीला मामीनं दिलेली साडी नेसून गेली होती." आईचं म्हणणं एवढंच होतं, "सही दिली नसती तर चवथीला कुठल्या तोंडानं गेले असते?"

यात कायदा कुठेच मोडलेला नाही. कागद वैध आहे की नाही, हे वकील सांगेल. तो कागद झाला कसा, हे मात्र माहेरच्या ओढीत, चवथीच्या आमंत्रणात, भावाच्या शब्दात शोधावं लागतं. ते शोधणं हेच आमचं काम.

हे काम रिकामटेकडं नाही. समाजशास्त्रज्ञ नीरा देसाईंनी मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात वर्षानुवर्षं शिकवलं आणि 1974मध्ये तिथेच स्त्री-अभ्यासाचं केंद्र उभं केलं. देशातल्या स्त्रियांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सरकारी समितीवरही त्या होत्या. संविधानानं समानता देऊन चोवीस वर्षं झाली होती. तरीही दर हजार पुरुषांमागे 1901मध्ये 972 स्त्रिया होत्या, त्या 1971मध्ये 930वर आल्या, हे त्या समितीच्या अहवालानं देशापुढे ठेवलं. कुणी मोजलंच नसतं, तर 'कायदा आहे ना' म्हणून सगळे गप्प बसले असते.

'गोव्यात बायका पुढेच आहेत' असंही त्या मजकुरात असतं. शशिकला काकोडकर 1973मध्ये मुख्यमंत्री झाल्या, खरंच. 2022मध्ये चाळीसजणांच्या विधानसभेत तिघीच निवडून आल्या.

ती विद्यार्थिनी आता आपल्या वाड्यावरच्या बायकांकडून अशा सह्यांच्या हकिगती लिहून घेते आहे. तिची वही भरत आली आहे. 'कागद वाचून दाखवला होता का?' या प्रश्नापुढे तिला बहुतेक वेळा 'नाही' असंच लिहावं लागलं आहे.