‘टिंकरिंग म्हणजे नुसता खेळ’ : एका बहुप्रसृत दाव्याचा प्रतिवाद

विज्ञान संग्रहालयांतील ‘टिंकरिंग’ दालनांवर, म्हणजे साहित्य हाताळत, खटपट करत स्वतः वस्तू बनवून पाहण्याच्या दालनांवर, टीका करणारा एक मजकूर पालकांच्या आणि शिक्षकांच्या गटांत बराच फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : मुले तिथे पुठ्ठे चिकटवतात, दिवे लावतात आणि आनंदाने घरी जातात, पण विज्ञान शिकत नाहीत, मार्गदर्शनाशिवाय शिकणे होत नाही, हे संशोधनाने सिद्ध झाले आहे, ही श्रीमंत देशांची चैन असून आपल्या शाळांना ती परवडणारी नाही, आणि ज्याची परीक्षा घेता येत नाही, त्यावर मुलांचा वेळ खर्च करू नये. मजकूर लिहिणाऱ्याला मुलांच्या शिक्षणाची कळकळ आहे, याविषयी मला शंका नाही. म्हणूनच त्याच्या मुद्द्यांना एकेक करून उत्तर द्यायला हवे.

पहिला मुद्दा, विज्ञान शिकले जात नाही हा. पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिका या मुलांच्या विज्ञान केंद्रात, टाकाऊ वस्तूंपासून विज्ञान-खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांकडून करवून घेतलेली एक छोटी मोटर पाहू. दीड व्होल्टचा एक सेल, त्याच्या दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने आवळलेल्या दोन सेफ्टी पिना, सेलच्या पोटावर बसवलेले एक चुंबक आणि इनॅमलचा थर असलेल्या तांब्याच्या तारेचे काही वेढे, एवढेच तिचे साहित्य. वेढ्यांची दोन टोके पिनांच्या भोकांत टेकवायची असतात आणि त्याआधी टोकांवरचे इनॅमल खरवडायचे असते. वीज चांगली वाहावी म्हणून मूल साहजिकच दोन्ही टोके चारही बाजूंनी स्वच्छ खरवडते. मग वेढे फिरण्याऐवजी बहुधा जागच्या जागी डुलत राहतात, कारण अर्ध्या फेरीनंतर चुंबकाचा जोर उलट दिशेने लागू लागतो आणि आधी मिळालेली गती खाऊन टाकतो. एका टोकावरचे इनॅमल एका बाजूला राहू दिले, तर नेमक्या त्या अर्ध्या फेरीत वीजप्रवाह तुटतो, वेढे मिळालेल्या गतीने पुढे सरकतात आणि मोटर फिरू लागते.

दहावीच्या पुस्तकात विद्युत चलित्राच्या, म्हणजे मोटरच्याच, आकृतीत दोन भागांत कापलेली कडी दाखवलेली असते. ती कशासाठी, याचे उत्तर पाठ करणारी मुले पुष्कळ भेटतात. ज्याने डुलणारी मोटर हातात धरून तार पुन्हा खरवडली आहे, त्याला त्या कडीची गरज आतून कळलेली असते. आपला तर्क चुकला की वस्तू चालत नाही, आणि हा निकाल मुलाला शिक्षकाच्या चेहऱ्यावर वाचावा लागत नाही. विज्ञानाचा गाभा हाच आहे, असे माझे ठाम मत आहे. त्या वेळी मूल हसत असेल तर ते हसणे शिकण्याच्या आड येत नाही.

मार्गदर्शनाशिवाय शिकणे होत नाही, हा दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे, त्यामुळे त्यावर थोडे थांबले पाहिजे. पॉल किर्शनर, जॉन स्वेलर आणि रिचर्ड क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये एका शोधनिबंधात असे प्रतिपादन केले, की नवशिक्यांना अत्यल्प मार्गदर्शन देऊन सोडून दिले, तर त्यांच्या कार्यस्मृतीवर, म्हणजे विचार करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीवर, अवाजवी ताण येतो आणि शिकणे नीट होत नाही. हे म्हणणे गंभीर आहे आणि ते झटकून टाकता येणार नाही. मात्र त्याचा रोख मार्गदर्शनाच्या अभावावर आहे, हाताने काम करण्यावर नाही. मजकुरात नेमकी इथे गल्लत झाली आहे, कारण चांगल्या दालनात मार्गदर्शन नसते हे गृहीतकच चुकीचे आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘एक्स्प्लोरेटोरियम’ या विज्ञान संग्रहालयाचे उदाहरण घ्यावे. अणुबॉम्बच्या प्रकल्पात काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर यांना १९४९ मध्ये राजकीय चौकशीमुळे विद्यापीठ सोडावे लागले. पुढे कोलोरॅडोत गुरे पाळत असताना ते तिथल्या गावातल्या शाळेत विज्ञान शिकवू लागले आणि त्या अनुभवाच्या पायावर त्यांनी १९६९ मध्ये हे संग्रहालय उभे केले. प्रदर्शनातील वस्तू जिथे घडवल्या जातात तो कारखाना त्यांनी पाहुण्यांच्या नजरेसमोर ठेवला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तिथल्या टिंकरिंग दालनात गोटीचा मार्ग रचण्याची एक खटपट असते. भोके पाडलेल्या उभ्या फळीवर खुंट्या, नळ्या आणि पन्हळी लावून गोटी जितकी सावकाश खाली येईल तितकी आणायची. ही अटच मार्गदर्शन करते, कारण वेग हवा असता तर उतार वाढवून काम भागले असते. संथपणा हवा म्हटल्यावर उतार, घर्षण आणि वळणे यांचा विचार करावाच लागतो. कोणते साहित्य मांडायचे, नमुना म्हणून काय ठेवायचे आणि गोटी सारखी एकाच वळणावर पडत असेल तेव्हा मुलाला काय विचारायचे, हे सगळे तिथल्या कार्यकर्त्यांनी आधी विचार करून ठरवलेले असते. उत्तर न सांगता नेमका प्रश्न विचारणे हे भाषण देण्यापेक्षा अवघड मार्गदर्शन आहे.

शिक्षण-संशोधक मनू कपूर यांच्या २००८ च्या अभ्यासाचीही इथे आठवण द्यायला हवी. अवघड, अर्धवट मांडलेल्या प्रश्नांशी आधी झगडलेले विद्यार्थी सुरुवातीला मागे पडलेले दिसले, पण नंतरच्या चाचण्यांत सरस ठरले.

तरीही एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. खोलीत साहित्य ओतून ठेवले आणि देखरेख करणारा माणूस कोपऱ्यात मोबाइल पाहत बसला, तर मुले रंगीत कागद चिकटवून निघून जातात. अशा खोल्या आहेत आणि त्यांच्याविषयी तो मजकूर बरोबर आहे. शिवाय नियमाचे नाव, सूत्र आणि त्यामागचा इतिहास हे मुलाने स्वतः शोधावे अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. ते शिक्षकानेच सांगायचे असते, फक्त हात काळे झाल्यावर सांगितले तर ते रुजते.

तिसऱ्या मुद्द्याला, म्हणजे खर्चाच्या आक्षेपाला, महाराष्ट्रातूनच उत्तर मिळते. अरविंद गुप्ता पुण्यात टेल्कोत (आताच्या टाटा मोटर्समध्ये) नोकरीला होते. १९७८ मध्ये ते मध्य प्रदेशातील होशंगाबादच्या, शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवणाऱ्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले आणि तिथे त्यांना सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या यांच्यापासून आकार बांधण्याची कल्पना सुचली. चार काड्यांचा चौकोन बोटाने दाबला की तिरका होतो, तीन काड्यांचा त्रिकोण मात्र हलत नाही; पुलाच्या आणि छपराच्या कैचीत त्रिकोणच का असतात, हे चौथीतल्या मुलालाही त्यातून कळते. याला काही रुपये लागतात. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून ग्रामीण मुलांना हाताने काम करत शिकवण्याची पद्धत रुजवली. तिला चैन म्हणणे हा त्या कामावर अन्याय आहे.

केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी निवडलेल्या शाळेला वीस लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि त्रिमितीय छपाई यंत्र ही अशा प्रयोगशाळेची ओळख होऊन बसली आहे. यंत्र आधी आणि प्रश्न नंतर हा क्रम मला चुकीचा वाटतो. पण तो खरेदीच्या क्रमाचा दोष आहे. करून पाहण्याच्या पद्धतीवर त्याचे खापर फोडता येत नाही.

राहिला परीक्षेचा मुद्दा. वर उल्लेखलेला होशंगाबादचा कार्यक्रम १९७२ मध्ये सहावी ते आठवीच्या सोळा शाळांत सुरू झाला आणि वाढत वाढत शेकडो शाळांत पोहोचला. तिथे आठवीची विज्ञानाची लेखी परीक्षा पुस्तक उघडे ठेवून होत असे आणि तिच्या जोडीला प्रात्यक्षिक परीक्षाही असे. पुस्तक समोर असताना पाठांतर निरुपयोगी ठरते, त्यामुळे प्रश्न विचार करायला लावणारेच काढावे लागत. राज्य सरकारने २००२ मध्ये कार्यक्रम बंद केला, पण तोपर्यंत खेड्यांतील साध्या सरकारी शाळांमध्ये या परीक्षा वर्षानुवर्षे घेतल्या गेल्या होत्या, आणि त्यांच्या प्रश्नपत्रिका शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकांना सोबत घेऊन तयार होत होत्या.